गटारातल्या उंदराइतकं सुंदर: ‘द ब्लू हार्ट्स’ची गाणी समजून घेताना

पुण्यात सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. त्याचं दुसरं नाव पुणे-ओकायामा मैत्री उद्यान. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या जुन्या, नामांकित बागेवरून ते बेतलं आहे. पाणी, हिरवळ, नीट कातरलेली झुडपं. सगळं शांत आणि टापटीप. त्याच ओकायामात 1963 साली हिरोतो कोमोतो जन्मला. पुढे त्यानं जपानला जे ऐकवलं त्यात शांत आणि टापटीप असं काही नव्हतं. ओकायामाचं नाव पुणेकरांना बागेमुळे माहीत झालं याचा आनंद आहेच, पण त्या नावाबरोबर हा माणूसही आठवावा असं मला फार वाटतं.

हिरोतो हा ‘द ब्लू हार्ट्स’ या बँडचा गायक. गिटारवर मासातोशी माशिमा, बेसवर जुन्नोसुके कावागुची आणि ड्रम्सवर तेत्सुया काजिवारा. 1985 साली टोकियोत बँड सुरू झाला, 1987 साली पहिला अल्बम आला आणि 1995 साली सगळं संपलं. जेमतेम दहा वर्षं. पण जपानमध्ये आजही शाळेच्या स्नेहसंमेलनात चार मुलं गिटार-ड्रम्स घेऊन उभी राहिली की या बँडचं एखादं गाणं हमखास निघतं. वाजवायला सोपं, गायला सोपं, शब्द कळायला सोपे. हा सोपेपणा कुठून आला आणि तो साधायला काय करावं लागलं, तेच इथे उलगडून सांगायचं आहे.

त्याआधी ‘पंक’ म्हणजे काय ते थोडक्यात. 1970च्या दशकाच्या मध्यापर्यंत रॉक संगीत फार अवघड झालं होतं. वीस-वीस मिनिटांची गाणी, गिटारच्या लांबच लांब करामती, महागडी वाद्यं. न्यूयॉर्कमध्ये रमोन्स आणि लंडनमध्ये सेक्स पिस्टल्स, द क्लॅश अशा बँडनी ते सगळं बाजूला सारलं. तीन-चार कॉर्ड (एकत्र छेडायचे सूर), दोन-तीन मिनिटं, प्रचंड वेग आणि पोटातून आलेला आवाज. शिकलेला वादकच हवा अशी अट नाही. ज्याला काही सांगायचं आहे त्यानं उभं राहावं आणि सांगावं. पंक म्हणजे मुळात ही मोकळीक. विचित्र केस आणि सेफ्टी पिना नंतर आल्या.

जपानमध्ये ही लाट 1970च्या दशकाच्या शेवटी पोहोचली आणि तिथे तिनं अंगावर येणारं रूप घेतलं. ‘द स्टॅलिन’ नावाचा बँड होता, त्याचा गायक मिचिरो एंदो. त्यांच्या कार्यक्रमांत प्रेक्षकांच्या अंगावर डुकराची आतडी आणि मुंडकी फेकली जात. पंकच्या कार्यक्रमाला जायचं तर मार खायची तयारी हवी, असा धाक तयार झाला. जपानी समाजातल्या शिस्तीचं ओझं पाहिलं तर हा उद्रेक मला समजतो. पण या धाकामुळे ज्या मुलांना या संगीताची सगळ्यांत जास्त गरज होती, ती लाजरीबुजरी, वर्गात मागच्या बाकावर गप्प बसणारी मुलं दारातूनच परत फिरत असणार.

ब्लू हार्ट्स नेमके त्या मुलांसाठी गायले. संगीत पंकचं, वेग पंकचा, आरडाओरडा पंकचा. आणि शब्द? शब्द असे की लहान भावंडाच्या डोक्यावरून हात फिरवावा.

आता थोडं भाषेकडे वळावं लागेल, कारण खरी गंमत तिथे आहे. शाळेत मात्रावृत्तं शिकताना आपण लघु अक्षराची एक मात्रा आणि गुरु अक्षराच्या दोन मात्रा मोजायचो. जपानी भाषा रोजच्या बोलण्यातही मात्रांवरच चालते. आपण ‘टोकियो’ म्हणतो तो जपानी माणसाच्या तोंडी ‘तो-ओ-क्यो-ओ’ असा चार सारख्या मात्रांचा शब्द असतो. शब्दात मध्येच येणारा ‘न्’सुद्धा आपली स्वतंत्र मात्रा घेतो. शिरीष पै यांच्यामुळे मराठी वाचकांना हायकू ठाऊक झाला. त्या हायकूचे मूळचे पाच-सात-पाच म्हणजे या मात्राच.

रॉकची चाल मात्र इंग्रजीच्या सोयीनं घडलेली. इंग्रजीत प्रेम व्यक्त करणारं वाक्य तीन सुरांत मावतं. जपानीत तेच ‘आ-इ-शि-ते-रु’, म्हणजे पाच मात्रा. त्यामुळे त्याच चालीत जपानीत कमी मजकूर बसतो आणि कोंबायला गेलं तर गाणं अडखळतं. 1970च्या सुमारास जपानी संगीतकारांत यावरून मोठा वाद झाला होता. यूया उचिदासारख्या मंडळींचं म्हणणं, रॉक इंग्रजीतच गायला हवं. ‘हॅप्पी एंड’ या बँडनं जपानीतच गाऊन त्याला उत्तर दिलं. पुढे 1978 साली ‘सदर्न ऑल स्टार्स’चा केइसुके कुवाता आला. जपानी शब्द इंग्रजीसारखे घोळवून, एकमेकांत मिसळून तो गायला आणि ती शैली लोकप्रिय झाली. शब्द नीट कळले नाहीत तरी झिंग कळायची.

हिरोतो आणि माशिमा उलट दिशेनं गेले. एका मात्रेला एक सूर, प्रत्येक अक्षर सुटं आणि खणखणीत, बालवाडीतल्या बडबडगीतासारखं. मजकूर कमी मावतो ना, मग शब्दच असे निवडायचे की कमी शब्दांत पोहोचेल. इंग्रजी शब्दांची झालर जवळजवळ नाही. अलंकारिक जपानी नाही. सहावी-सातवीतल्या मुलालाही अडणार नाही अशी वाक्यं. ऐकायला हे बाळबोध वाटतं, पण ज्यानं कधी एखादी ओळ सोपी करायचा प्रयत्न केला असेल त्याला हे किती कठीण आहे ते कळेल.

याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना म्हणजे ‘लिंडा लिंडा’. 1987च्या मे महिन्यात मेलडॅक या रेकॉर्ड कंपनीतर्फे आलेलं हे त्यांचं मोठ्या कंपनीतलं पहिलं गाणं. शब्द आणि चाल हिरोतोची.

सुरुवात अगदी हळू. जवळजवळ एकटा आवाज, सोबतीला गिटार. आणि पहिलाच शब्द ‘दोबुनेझुमी’. दोबु म्हणजे गटार, नेझुमी म्हणजे उंदीर. हिरोतो म्हणतो, मला गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचं आहे. का? कारण फोटोत न उतरणारं सौंदर्यही असतं. एवढं सांगून होतं न होतं तोच ड्रम्स आणि गिटार कोसळतात आणि ‘लिंडा लिंडा’चा गजर सुरू होतो. ही लिंडा कोण हे गाण्यात कुठेच सांगितलेलं नाही. तिची गरजही नाही. जपानी उच्चारात ‘रिंदा’ हा शब्द तोंडात मावतो, उड्या मारताना ओरडता येतो आणि सगळ्यांना एकत्र ओरडता येतो. धृपदाचं काम एवढंच.

‘दोबुनेझुमी’ हा शब्द जपानी माणसाला आणखीही काही आठवून देतो. ऑफिसात जाणाऱ्या कारकुनांच्या मळकट राखाडी सुटाच्या रंगाला तिथे गटारी उंदराचाच रंग म्हणत आले आहेत. म्हणजे घाणीतला प्राणी आणि गर्दीत हरवलेला बिनचेहऱ्याचा माणूस, दोघं त्या एका शब्दात आले. पुढच्या कडव्यात हा उंदीर सर्वांहून मायाळू आणि सगळ्यांहून उबदार ठरतो. एका ओळीत तुच्छतेचा शब्द घ्यायचा आणि पुढच्या ओळीत त्याच्यासमोर हात जोडायचे, हे धाडस मला फार मोठं वाटतं. आज खिशातल्या मोबाइलमध्ये प्रत्येकाचे हजारो फोटो असताना, फोटोत न उतरणारं सौंदर्य ही कल्पना तर 1987पेक्षा जास्त गरजेची झाली आहे.

याच गाण्यात प्रेमासाठी दोन शब्द येतात. ‘कोइ’ म्हणजे ओढ, प्रियकर-प्रेयसीमधली हुरहुर. ‘आइ’ म्हणजे त्याहून व्यापक प्रेम, ज्यात जिव्हाळा, माया, सगळं येतं. मराठी कानाला तो शब्द ‘आई’ असा ऐकू येतो हा निव्वळ योगायोग, पण ऐकताना बरं वाटतं. हिरोतो म्हणतो की हे ‘आइ’ नसलं आणि ‘कोइ’ही नसलं तरी मी तुला सोडणार नाही. मग हे आहे तरी काय? नाव देता येत नाही अशी कुठलीशी बांधिलकी. माझ्याकडे कधीही न हरणारी फक्त एकच ताकद आहे, असं तो शेवटाकडे सांगतो. ती कोणती, ते सांगत नाही.

‘लिंडा लिंडा’च्या तीन महिने आधी, 1987च्या फेब्रुवारीत, बँडनं स्वतःच्या खर्चानं एक गाणं काढलं होतं: ‘हितो नि यासाशिकु’. अर्थ, ‘माणसांशी मायेनं’. माझ्या मते ब्लू हार्ट्सची किल्ली या शीर्षकातल्या ‘यासाशी’ या शब्दात आहे. जपानीत या उच्चाराचे दोन शब्द आहेत. एक म्हणजे मायाळू, दुसरा म्हणजे सोपा. चित्रलिपीत लिहिले तर त्यांची चिन्हं वेगळी, पण साध्या अक्षरलिपीत दोन्ही सारखेच दिसतात. गाण्याच्या शीर्षकात हा शब्द साध्या अक्षरांत लिहिलेला आहे. मराठीत ‘सोपं’ आणि ‘मायाळू’ हे लांबचेसुद्धा नातेवाईक नाहीत. जपानीत ते एका दारातून आत येतात. गाण्यात हिरोतो म्हणतो की मला ‘यासाशी’ गाणी आवडतात, ती तुलाही ऐकवावीशी वाटतात. अर्थ मायाळू असाच घ्यायचा, पण गाणं सोपंही आहेच.

गाण्याची सुरुवात वेड लागायची वेळ आल्याच्या ओरडण्यानं होते. मग तो सांगतो, खचून जायची वेळ प्रत्येकावर येते, माझ्यावरही, आत्ताही. हा ‘आत्ताही’ महत्त्वाचा. उपदेश करणारा माणूस उंच जागेवर उभा असतो. हा खाली, आपल्या शेजारी उभा आहे. आणि शेवटी तो म्हणतो: लोक तुझ्याशी मायेनं वागत नाहीत ना? मग मी सांगतो तुला, मोठ्यानं ओरडून सांगतो. ऐकू येतंय का? ‘गाम्बारे!’

‘गाम्बारे’ हा जपानी माणसाच्या तोंडी दिवसातून दहा वेळा येणारा शब्द. परीक्षेला निघालेल्या मुलाला, सामन्यातल्या खेळाडूला, आजाऱ्याला, सगळ्यांना म्हणतात. वापरून वापरून गुळगुळीत झालेला. मराठीत त्याच्यासाठी ‘हिंमत धर’, ‘जोर लाव’ असं काहीही म्हणता येईल, पण या गाण्यातल्या ‘गाम्बारे’ला मराठीत एकच शब्द पुरतो, ‘लढ’. मदतीचा हात नसतो, पैसा नसतो, तोडगा नसतो. पाठीवर एक थाप आणि हा एक शब्द. तो गुळगुळीत शब्द या गाण्यात पुन्हा धारदार होतो, कारण तो म्हणणाऱ्याचा घसा फुटायला आलेला आहे.

1988च्या नोव्हेंबरात ‘ट्रेन-ट्रेन’ आलं. हे माशिमाचं गाणं. बँडमध्ये गाणी लिहिणारे हे दोघे, आणि दोघांचा स्वभाव वेगळा. हिरोतोची ओळ थेट छातीत शिरते. माशिमा चित्र काढतो, मग बाजूला होतो.

‘ट्रेन-ट्रेन’ पियानोनं हळुवार सुरू होतं. वैभवाकडे धावणाऱ्या त्या गाडीत बसून जाऊ या, पायात काही न घालता अनवाणीच धावत सुटू या. इथवर ऐकून वाटतं, चला, एक उमेदीचं गाणं आलं. आणि मग माशिमा दाखवतो: संध्याकाळच्या उजेडात दुबळी माणसं आपल्याहून दुबळ्यांना मारताहेत, आणि त्या मारण्याचा आवाज घुमला की ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं दुःखाचं संगीत, आणखी वेग घेतं.

ही ओळ समजायला तेव्हाचा जपान समजायला हवा. 1989च्या 29 डिसेंबरला टोकियोच्या शेअर बाजाराचा निक्केई निर्देशांक 38,915वर पोहोचला. तो त्या तेजीचा कळस. बाहेरून देश सोन्यानं मढलेला दिसत होता. आत शाळांमध्ये केसांची लांबी आणि स्कर्टची उंची मोजली जात होती, आणि ‘इजिमे’ म्हणजे एका मुलाला सगळ्या वर्गानं मिळून छळायचा प्रकार देशभर चिंतेचा विषय झाला होता. 1986च्या फेब्रुवारीत टोकियोच्या एका शाळेतल्या मुलानं अशा छळापायी जीव दिला. त्याआधी वर्गानं त्याच्या अंत्यविधीचं नाटक रचलं होतं. दुबळा दुबळ्याला मारतो हे माशिमाचं वाक्य ऐकताना जपानी मुलांना फार लांबचं काही आठवावं लागत नव्हतं. वरून आलेला मार खालच्यावर उतरवायचा हा क्रम आपल्याकडेही घरात, शाळेत, कारखान्यात सगळ्यांनी पाहिलेला आहे.

याच गाण्यात एक खास जपानी कोटी आहे. स्वातंत्र्याला जपानीत ‘जियू’ म्हणतात आणि बंदुकीला ‘जू’. न दिसणारं ‘जियू’ हवं म्हणून न दिसणारी ‘जू’ झाडत सुटतो, असं माशिमा लिहितो. दोन शब्दांत एका मात्रेचा फरक, आणि वयात येणाऱ्या पोराची सगळी धडपड त्यात आली. शत्रू दिसत नाही, हवं आहे तेही दिसत नाही, हातातलं शस्त्रही हवेचं. पुढे तो म्हणतो, हा काही स्वर्ग नाही, पण म्हणून नरकही नाही. सगळेच चांगले नाहीत, पण सगळेच वाईट असंही नाही. इतकं साधं वाक्य, पण सोळा वर्षांच्या मुलाला ते वेळेवर कुणी सांगितलं तर त्याचं वर्ष निभावून जातं.

आणि मग माझं सर्वांत आवडतं कडवं. जगात ठरवलेल्या कुठल्याही स्मृतिदिनापेक्षा तू जिवंत आहेस तो आजचा दिवस किती सुंदर आहे, जगात उभारलेल्या कुठल्याही स्मारकापेक्षा त्याला किती अर्थ आहे. पुतळे आणि जयंत्यांची सवय असलेल्या आपल्यासारख्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको. 1989च्या जानेवारीत टीबीएस वाहिनीवर वाया गेलेल्या ठरवलेल्या मुलांच्या शाळेवरची ‘हाय-स्कूल राकुगाकी’ ही मालिका सुरू झाली. राकुगाकी म्हणजे भिंतीवर, बाकावर केलेली गिरगोट. तिचं शीर्षकगीत ‘ट्रेन-ट्रेन’ होतं, आणि हे गाणं घराघरांत पोहोचलं.

आता एक छोटीशी पण बोलकी गोष्ट. पहिल्या अल्बममध्ये ‘ओवारानाइ उता’, म्हणजे ‘न संपणारं गाणं’, आहे. तेही माशिमाचं. या भिकार जगासाठी, सगळ्या फालतू माणसांसाठी आणि तुझ्या-माझ्यासाठी न संपणारं गाणं गाऊ या, असा त्याचा सूर. त्यात ‘वेडा’ ठरवून वागवलेल्या दिवसांचा उल्लेख येतो. वेड्यासाठीचा तो जपानी शब्द अपमानकारक म्हणून रेडिओ-टीव्हीवर टाळला जातो. अल्बमबरोबर छापलेल्या गीतपत्रिकेत त्या जागी नुसते ठिपके आहेत. शब्द गाण्यात ऐकू येतो, कागदावर नाही. ज्याला हिणवलं गेलं तोच तो शब्द उच्चारतो आहे, आणि छापणाऱ्यांना तो लपवावासा वाटतो. हे गाणं कशाविषयी आहे ते त्या ठिपक्यांइतकं कुणीच सांगितलेलं नाही.

कंपनीशी दुसरा पेच ‘चेर्नोबिल’ या गाण्यावरून पडला. 1986च्या अणुदुर्घटनेनंतर जपानमध्येही अणुऊर्जेविरुद्ध आवाज उठत होते. मेलडॅक ही मित्सुबिशी इलेक्ट्रिकच्या घरातली कंपनी, आणि मित्सुबिशी समूह अणुऊर्जेच्या व्यवसायातला. 1988 साली ‘चेर्नोबिल’ मेलडॅकतर्फे न येता बँडनं स्वतंत्रपणे काढलं. त्याच उन्हाळ्यात ‘आरसी सक्सेशन’ या बुजुर्ग बँडच्या अल्बमलाही तोशिबा-ईएमआय कंपनीनं ऐनवेळी नकार दिला. त्यातही अणुऊर्जेविरुद्धची गाणी होती, आणि तोशिबा स्वतः अणुभट्ट्या बनवणारी. ‘अल्बम इतका उत्तम झाला आहे की प्रकाशित करता येत नाही’ अशा अर्थाची जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. शेवटी तो दुसऱ्या कंपनीनं काढला.

‘आओझोरा’, म्हणजे ‘निळं आकाश’, हे ‘ट्रेन-ट्रेन’ अल्बममधलं माशिमाचं संथ गाणं. पंक म्हणून कुणी ऐकायला बसलं तर चकित होईल. टीव्हीच्या काचेपलीकडे ऐटबाज घोडेस्वार चकचकीत बंदुकांनी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना टिपत असतात, आणि पाहणारा म्हणतो, त्यापेक्षा माझी उदासी टिपली असती तर बरं झालं असतं. मग देवाला लाच देऊन स्वर्गाचा पासपोर्ट मागणाऱ्यांना तो विचारतो, हे तुम्ही खरंच मनापासून करता?

आणि मग मधली ओळ: जन्माची जागा, कातडीचा रंग, डोळ्यांचा रंग यांवरून माझ्याबद्दल तुम्हाला असं काय कळणार आहे? जपान एकजिनसी देश आहे असं बाहेरच्यांना वाटतं. तिथे ‘बुराकु’ नावाचा भेदभाव शतकानुशतकं चालत आला. कातडी कमावणं, जनावरं कापणं, मेलेल्यांची व्यवस्था पाहणं अशी कामं ज्यांच्या पूर्वजांवर लादली गेली त्यांना वेगळ्या वस्त्यांत ठेवलं गेलं. कायद्यानं 1871 साली हा भेद रद्द झाला, पण लग्न ठरवताना आणि नोकरी देताना मूळ गाव कोणतं याची चौकशी विसाव्या शतकातही होत राहिली. कोरियन वंशाच्या रहिवाशांचीही तीच तऱ्हा. माशिमानं गाण्यात कुणाचंच नाव घेतलेलं नाही. पण ‘जन्माची जागा’ हे शब्द कातडीच्या रंगाच्या आधी येतात, हे मला महत्त्वाचं वाटतं. ज्या समाजात आडनाव आणि गाव विचारून माणूस जोखला जातो, त्या समाजातल्या आपल्याला ही ओळ समजायला तळटीप लागत नाही.

शेवटी तो बसच्या ड्रायव्हरला म्हणतो, दादा, मलाही घ्या ना या बसमध्ये, कुठेही जात असली तरी चालेल. मला इथे 1955 सालचा अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहराचा बसचा लढा आठवतो, काळ्या लोकांना बसमध्ये वेगळं बसवण्याविरुद्धचा. गाण्यात त्याचा उल्लेख नाही. आहे तो डोळे दिपवणाऱ्या निळ्या आकाशाखाली उभा असलेला एक माणूस, आणि ‘हे असं व्हायचं नव्हतं ना?’ म्हणून त्याला जाब विचारणारा इतिहास.

1990चं ‘जोनेत्सु नो बारा’, म्हणजे ‘उत्कटतेचा गुलाब’, हे हिरोतोचं गाणं जपानच्या आठवड्याच्या विक्रीयादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याची बांधणी पाहण्यासारखी. लोकप्रिय गाण्यात धृपद तीन-चार वेळा येतं, कारण तेच तर लोकांच्या तोंडी बसवायचं असतं. इथे गुलाब फुलवायची ती मुख्य ओळ अगदी शेवटी, एकदाच येते आणि गाणं संपतं. ऐकणारा पुन्हा पहिल्यापासून लावतो. दुसरा इलाजच नाही!

1993चं ‘1000 नो बायोलिन’, म्हणजे ‘हजार व्हायोलिन’, पुन्हा माशिमाचं. हिमालयाएवढं खोडरबर आणि क्षेपणास्त्राएवढं पेन हातात घेऊन पुष्कळ मजेच्या गोष्टी करायच्या आहेत, अशी त्याची सुरुवात. भारतीय म्हणून हिमालय ऐकून हसू येतं, पण त्या खोडरबरचा उपयोग पाहा: नासवून ठेवलेला कालचा दिवस पुसायचा आहे. राज्य करणारे घोरत पडलेत तोवर रात्रीचं दार उघडून बाहेर पडायचं आहे. कुणाला तरी पैसे उसने दिले होते असं वाटतंय, पण जाऊ दे. आठवणी तापलेल्या पत्र्यावरच्या आइस्क्रीमसारख्या वितळून गेल्या. पत्र्याचं घर आणि एप्रिल महिना ज्यानं अनुभवलाय त्याला तो पत्रा किती तापतो हे सांगायला नको. तिशी ओलांडलेल्या माणसानं लिहिलेलं हे गाणं आहे, आणि पोरवयातली मोकळीक जपायला आता किती झटावं लागतं ते त्यात जाणवतं. याच गाण्याचं वाद्यवृंदासह केलेलं रूप ‘1001 नो बायोलिन’ या नावानं आहे. आधी मूळ ऐका, मग ते.

बँड थांबल्यावर हिरोतो आणि माशिमा एकत्रच राहिले. 1995 ते 2005 ‘द हाय-लोज’ आणि 2006पासून ‘द क्रो-मॅग्नन्स’. ‘डिटेक्टिव्ह कोनान’ ही अॅनिमे मालिका पाहणाऱ्यांनी हाय-लोजचं गाणं नकळत ऐकलेलं आहे. मालिकेचं अगदी पहिलं शीर्षकगीत त्यांचंच. साठी ओलांडलेला हिरोतो अजूनही रंगमंचावर हात-पाय वाट्टेल तसे झाडत गातो.

2005 साली नोबुहिरो यामाशिता या दिग्दर्शकाचा ‘लिंडा लिंडा लिंडा’ हा चित्रपट आला. शाळेच्या महोत्सवाला तीन दिवस उरलेत, मुलींच्या बँडमध्ये गायिका नाही. समोरून जी पहिली मुलगी येईल तिला विचारायचं ठरतं, आणि येते कोरियाहून शिकायला आलेली सोन. तिला जपानी धड येत नाही. आपल्याला काय विचारलं हे पुरतं न समजताच ती हो म्हणते. मग कानाला हेडफोन लावून ‘लिंडा लिंडा’ पहिल्यांदा ऐकते आणि रडू लागते. ही भूमिका बे दूना या कोरियन अभिनेत्रीनं केली आहे. मुली आपल्या बँडचं नाव ठेवतात ‘पारानमाउम’. ‘निळी हृदयं’ याचं ते कोरियन.

सरावात सोन एकेक अक्षर तोंडात बसवते. पुण्यात जपानी शिकणारी हजारो मुलं-मुली आहेत, आणि त्यांच्यासाठी हे गाणं आयतं ताटात वाढलेलं आहे: सुटी अक्षरं, मोजके शब्द, आडवळणाचं व्याकरण नाही. शेवटी पावसात नखशिखांत भिजलेल्या त्या चौघी उशिरा शाळेच्या सभागृहात पोहोचतात. सोन माइकसमोर उभी राहते आणि सावकाश, एकेक मात्रा उच्चारत, आपल्या परक्या उच्चारात म्हणते की तिला गटारातल्या उंदरासारखं सुंदर व्हायचं आहे. काही क्षण सभागृह शांत. मग ड्रम्स सुरू होतात.